कुंडीखालची ताटली नुसती ओतू नका, घासा

डेंग्यूच्या बातम्या यायला लागल्या की आपलं बोट आधी घराबाहेर जातं. नाला साफ झाला नाही, कोपऱ्यावरचा कचरा उचलला नाही, पालिकेची धुराची गाडी यंदा फिरकलीच नाही. या तक्रारी खोट्या नसतात, पण डेंग्यूशी त्यांचा संबंध आपल्याला वाटतो त्यापेक्षा कमी आहे. गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो मुख्यतः क्युलेक्स डास, रात्री कानाशी गुणगुणणारा आणि हत्तीरोग पसरवणारा. डेंग्यू, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाला हवं असतं स्वच्छ, न हलणारं, सावलीतलं थोडंसं पाणी. आपण सकाळी झारीने झाडांना घालतो ते पाणी नेमकं तसंच असतं, आणि त्यातलं जास्तीचं कुंडीखालच्या ताटलीत उतरून तिथेच राहतं.

घरात, गॅलरीत, गच्चीवर, अंगणात ज्यांनी हौसेनं झाडं लावली आहेत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. झाडं कमी करा असं मी मुळीच सांगणार नाही. डास झाडामुळे होत नाहीत, साठलेल्या पाण्यामुळे होतात, आणि पाणी काढून टाकता येतं. त्याला आठवड्यातून अर्धा तास लागतो आणि एक घासणी लागते.

घासणी कशाला, ते आधी सांगतो, कारण बहुतेक घरांत चुकतं ते इथेच. एडिसची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर कडेला ती एकेक अंडं चिकटवते. एका वेळी साधारण शंभर अंडी, पण सगळी एका जागी नाहीत. थोडी या ताटलीत, थोडी त्या बाटलीत, थोडी बाथरूमबाहेरच्या बादलीत. अंडं काळं आणि एक मिलिमीटरहूनही लहान असतं. मातकट ताटलीच्या कडेला ते तुम्हाआम्हाला दिसणं कठीण. ताटली ओतली की पाणी जातं, अळ्या जातात, अंडी मात्र कडेला तशीच राहतात. बरं, वाळली म्हणून ती मरतही नाहीत. एडिसची अंडी कोरड्या अवस्थेत कित्येक महिने तग धरतात. दिवाळीनंतर कोरडी पडलेली, गच्चीच्या कोपऱ्यात रचून ठेवलेली ताटली जूनच्या पहिल्या पावसाने भरली, तर त्यात दिसणाऱ्या अळ्या गेल्या वर्षीच्या मादीने ठेवलेल्या अंड्यांतून आलेल्या असू शकतात.

म्हणून ताटली ओतायची, आतली बाजू आणि विशेषतः कड नारळाच्या काथ्याने किंवा भांड्यांच्या जुन्या घासणीने जोर लावून घासायची, धुवायची आणि उन्हात उपडी घालायची. प्लास्टिकच्या ताटल्यांना तळाशी खाचा असतात, त्यांतून दात घासायचा जुना ब्रश फिरवायचा. हे पाणी मोरीत किंवा गटारात ओतू नका. कोरड्या मातीवर किंवा तापलेल्या गच्चीवर ओता, म्हणजे अळ्या तिथेच सुकतात.

आठवड्याचा हिशोबही सोपा आहे. आपल्याकडच्या उबदार हवेत अंडं फुटल्यापासून डास उडेपर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. आधी अळी, तिच्या चार अवस्था, मग दोनेक दिवसांचा कोष आणि मग डास. दर आठवड्याला एकदा भांडं रिकामं होऊन घासलं गेलं, तर कुठलीही अळी डास होईपर्यंत टिकत नाही. आरोग्य खातं जो ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतं तो याच हिशोबावर बसवलेला आहे. वार कुठलाही धरा, पण एकच धरा. ‘जमेल तेव्हा’ म्हटलं की मध्ये बारा दिवस कधी गेले ते कळत नाही.

एकदा हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्या. पाण्यात ठेवलेल्या मनी प्लांटची काचेची बाटली हलक्या हाताने उचला आणि खिडकीच्या उजेडात धरा. अळ्या असतील तर त्या पाण्याच्या पृष्ठभागाशी डोकं खाली करून लटकलेल्या दिसतील. शेपटीकडच्या नळीने त्या वरची हवा घेत असतात. काचेवर टिचकी मारली की वळवळत तळाशी जातात, मुळांच्या जाळीत शिरतात, आणि थोड्या वेळाने श्वासासाठी पुन्हा वर येतात. त्यांच्यात काही स्वल्पविरामासारखे वाकलेले, डोक्याकडे जाड जीव दिसले तर ते कोष. कोष दिसले म्हणजे एक-दोन दिवसांत त्यांचे डास होणार. घरातल्या मुलांना हे नक्की दाखवा. एकदा पाहिलेलं मूल पुढे दर आठवड्याला स्वतःहून बाटल्या तपासतं, मोठ्यांना आठवण करून द्यावी लागते.

मनी प्लांटची बाटली ही ताटलीइतकीच महत्त्वाची जागा आहे. पाणी बदलताना बरेच जण वरचं पाणी ओतून नवीन भरतात, मुळं तशीच ठेवतात. वेल बाहेर काढा, मुळं नळाखाली धरून धुवा, बाटलीत साबणाचं पाणी आणि थोडी वाळू घालून ती खळखळून हलवा, म्हणजे आतल्या कडा घासल्या जातात. हे दर आठवड्याला होणार नसेल तर बाटलीच्या तोंडाशी देठाभोवती कापसाचा बोळा घट्ट बसवा, मादीला आत शिरायला वाट राहणार नाही. त्याहून बरं म्हणजे वेल मातीत लावून टाका. मनी प्लांट मातीत अधिक जोमानं वाढतो. दिवाणखान्यातल्या आणि ऑफिसच्या टेबलावरच्या लकी बांबूचंही तेच. पाण्यात ठेवून चीनमधून पाठवलेल्या लकी बांबूतून आशियाई टायगर डास, म्हणजे एडिस आल्बोपिक्टस, 2001 साली कॅलिफोर्नियात पोचला होता. तळाशी रंगीत खडे घातलेत म्हणून निर्धास्त राहू नका. खड्यांच्या फटींत पाणी असतं आणि तेवढं अळ्यांना पुरतं.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे कुंडीतली कुंडी. नर्सरीतून आणलेली काळी प्लास्टिकची कुंडी आपण तशीच चिनीमातीच्या सुंदर, बिनभोकाच्या कुंडीत ठेवतो. आतलं जास्तीचं पाणी बाहेरच्या कुंडीच्या तळाशी जमतं. वरून काही दिसत नाही, तिथे अंधार असतो, गारवा असतो. दर आठवड्याला आतली कुंडी उचलून पाहिल्याशिवाय हे कळायचं नाही. गॅलरीच्या कठड्याला अडकवायच्या लांबट कुंड्यांना खालून घट्ट बसणारा ट्रे असतो. तो खेचून काढता येतो हेच अनेकांना माहीत नसतं. कुंडीतली माती वरून कडक झाली असेल किंवा तळाचं भोक मुळांनी बुजलं असेल, तर पाणी वरच साचतं. सिंगापूरच्या सरकारी मोहिमेत कुंडीतली कडक माती फोडायला वेगळं सांगतात. खुरपीने माती भुसभुशीत करणं हे झाडासाठी तर चांगलंच, आणि डासांसाठी वाईट. ब्रोमेलियाडसारख्या झाडांच्या पानांच्या बेचक्यात पाणी साठतं, त्यात पाइपने जोराची धार मारून जुनं पाणी बाहेर काढावं.

झाडांच्या निमित्ताने आपण पाणी साठवतोही. एसीच्या नळीखाली बादली, आरओच्या टाकाऊ पाण्याची टाकी, गच्चीवरचा ड्रम. मराठवाड्यात आणि जिथे दोन-चार दिवसांआड पाणी येतं तिथे साठवल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि एसीचं पाणी झाडांना घालणं ही चांगलीच सवय आहे. पण पाणी वाचवताना ते झाका. झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या धोतराचं फडकं तोंडावर पसरून सुतळीने आवळून बांधा, मध्ये झोळ पडू देऊ नका. झोळात पावसाचं पाणी साचलं तर तेही पाणीच. बादली रोज रिकामी होते म्हणून सोडून देऊ नका. तळाशी चार बोटं पाणी राहतं आणि कडा कधीच सुकत नाहीत. नागपूरकडे उन्हाळा सरला की कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी तसंच राहतं. कूलर ठेवून देण्याआधी टाकी आणि वाळ्याच्या ताट्या कोरड्या झाल्या पाहिजेत. पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाण्याचं भांडं जरूर ठेवा, पण रोज ओतून, घासून, नव्याने भरा.

कोकणात आणि गोव्यात वाडीकडेही बघायला हवं. सुपारीची झावळ गळून पडते तेव्हा तिच्या देठाकडचा रुंद, खोलगट भाग पावसात भरतो. करवंट्या, कापलेल्या बांबूचे बुडखे, रोपांच्या रिकाम्या पिशव्या यांतही एडिस आल्बोपिक्टस सुखाने वाढतो. झावळ पडली की चिरून उपडी घालावी. करवंट्या चुलीसाठी ठेवायच्या असतील तर छपराखाली रचाव्यात.

आता मुंबई-पुण्यातल्या घरांबद्दल एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. गणपतीला गावी जायचं असतं. घर आठ-दहा दिवस बंद राहणार, झाडं सुकू नयेत म्हणून निघताना ताटल्या काठोकाठ भरल्या जातात, कुंड्या पाण्याच्या टबात ठेवल्या जातात. भाद्रपद हा डासांचाही भरभराटीचा काळ, आणि आठ-दहा दिवस म्हणजे बरोबर अळीचा डास व्हायला लागणारा वेळ. परत येऊन दार उघडतो तेव्हा डास घरातच तयार असतात. दिवाळीच्या सुट्टीतही हेच होतं. त्याऐवजी निघण्याच्या दिवशी झाडांना भरपूर पाणी घालून ते निथळू द्या, ताटल्या घासून उपड्या घाला, कुंड्या उन्हातून काढून सावलीत एकत्र ठेवा आणि मातीवर नारळाच्या काथ्याचा किंवा पालापाचोळ्याचा जाड थर द्या. नाजूक झाडांसाठी झाकणाच्या बाटलीला भोक पाडून त्यातून जाड सुती वात ओवा आणि तिचं दुसरं टोक कुंडीच्या मातीत खुपसा. वातीतून पाणी हळूहळू उतरत राहतं. भोकात वात घट्ट बसली की डासाला आत वाट नाही. किंवा शेजारच्या काकूंकडे किल्ली द्या. संडासाचं झाकण लावून जा आणि फ्रिजच्या मागचा ट्रेही कोरडा करा.

ताटली काढूनच टाकता येत नसेल, म्हणजे खालच्या मजल्यावर पाणी गळून रोज भांडण होत असेल, तर तिच्यात काठोकाठ जाड वाळू भरा. कुंडी त्या वाळूवर ठेवा. जास्तीचं पाणी वाळूत मुरतं, वर उघडं राहत नाही, आणि झाडाला ओलावाही मिळतो. महिन्या-दोन महिन्यांनी वाळू खाली बसते, तेव्हा पुन्हा भर घाला. ब्राझीलमध्ये डेंग्यूविरुद्धच्या मोहिमांतून कुंडीच्या ताटल्यांत वाळू भरायला वर्षानुवर्षं सांगितलं जातं. आपल्याकडेही हा उपाय घरोघर पोचायला हवा.

कमळाचा किंवा कुमुदिनीचा टब रिकामा करून चालत नाही. तिथे पाच-सहा गप्पी मासे सोडा. आरोग्य खात्याची गप्पी पैदास केंद्रं आहेत, हिवताप कार्यालयात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. पानांनी सगळा टब झाकू देऊ नका, माशांना अळ्यांपर्यंत पोचता आलं पाहिजे. हे मासे नदीत, ओढ्यात मात्र सोडू नयेत. ते आपल्याकडचे नाहीत, आणि तिथल्या मूळच्या लहान माशांना त्रास होतो. मासे नको असतील तर बीटीआय म्हणून ओळखलं जाणारं जैविक अळीनाशक मिळतं. हा एक जिवाणू आहे, 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव वाळवंटात सापडलेला. डासाच्या अळीने तो खाल्ला की तिच्या आतड्यात विष तयार होऊन ती मरते. माणसांना, माशांना, मधमाशांना त्याचा अपाय नाही. पाकिटावर लिहिलेल्या मात्रेत आणि तितक्याच दिवसांच्या अंतराने टाकायचा. कोष खात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर त्याचा परिणाम होत नाही, हे लक्षात ठेवा. रॉकेल किंवा जळकं ऑइल कुंड्यांच्या आसपास ओतू नका. अळ्या मरतील, पण मुळंही जळतील.

काही समजुतींवर विसंबू नका. तुळस, सिट्रोनेला किंवा झेंडू गॅलरीत लावल्याने डास पळत नाहीत. तेलाचा वास वेगळा आणि शांत उभं असलेलं झाड वेगळं. धुराची फवारणी त्या क्षणी हवेत असलेल्या डासांना लागते. पडद्यामागे, पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांत बसलेल्या एडिसला ती क्वचितच गाठते, आणि पाण्यातल्या अळ्यांना तर मुळीच नाही. आणखी एक, कुंडीच्या ओल्या मातीतून उडणाऱ्या बारीक काळ्या माश्या पाहून काही जण घाबरतात. त्या डास नव्हेत, चावत नाहीत. पाणी कमी घाला, मातीचा वरचा थर सुकू द्या, त्या कमी होतील.

एडिस दिवसा चावतो, सकाळी आणि सूर्य मावळण्याआधी जास्त. त्याच्या पायांवर पांढरे पट्टे असतात, आणि तो बहुधा आपल्या घोट्याशी, टेबलाखाली गाठतो. फार लांब उडतही नाही, सहसा शंभर-दोनशे मीटरच्या आतच वावरतो. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात भर सकाळी चावणारा डास बहुतेक तुमच्या किंवा शेजारच्या इमारतीतच जन्मला आहे. रक्त पिताना त्याला हुसकलं की तो दुसऱ्याला चावतो, मग तिसऱ्याला. एका घरात दोघं-तिघं एकाच आठवड्यात तापाने पडतात ते बऱ्याचदा यामुळे. म्हणून एका फ्लॅटने ताटल्या घासून भागत नाही. सोसायटीच्या जिन्यातल्या कुंड्या कोणाच्याच नसतात, गच्चीवरच्या जुन्या कुंड्या घर सोडून गेलेल्या कोणाच्या तरी असतात. सोसायटीच्या बैठकीत या कुंड्यांची जबाबदारी नाव घेऊन एकेकावर द्या. ऑफिसातल्या, शाळेतल्या, दवाखान्याच्या प्रतीक्षागृहातल्या झाडांचंही तसंच. नर्सरीवाल्यांनी रिकाम्या कुंड्या उपड्या रचल्या तर गिऱ्हाइकाच्या घरी अंडी जाणार नाहीत.

महाराष्ट्राला या डासाने बरंच सोसायला लावलं आहे. 1973 मध्ये बार्शीत चिकुनगुनियाची साथ आली, 2006 मध्ये तो राज्यभर पसरला आणि सांधे धरलेली माणसं महिनोन्‌महिने लंगडत होती. झिकाचा राज्यातला पहिला रुग्ण 2021 मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, 2024 च्या पावसाळ्यात पुणे शहरात अनेक सापडले. गर्भवतीला झिका झाला तर बाळाच्या मेंदूच्या वाढीला धोका असतो. घरात कोणी दिवस गेलेली असेल तर कोरडा दिवस एकदाही चुकवू नका.

ताप आलाच तर अंगावर काढू नका. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नका, डेंग्यूत त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पातळ पदार्थ, तेही डॉक्टरांना विचारून. ताप उतरला म्हणजे संकट टळलं असं समजू नका. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, खूप ग्लानी ही लक्षणं बहुधा ताप उतरतानाच दिसतात, आणि तेव्हा एक तासही न घालवता रुग्णालय गाठायचं असतं. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो. पूर्वी एकदा होऊन गेला म्हणून गाफील राहू नका. रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवा, कारण तापाच्या पहिल्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे इतरांना विषाणू देऊ शकतो.

शेवटी एक कळकळीची विनंती. पावसाळ्यात पालिकेचे कीटकनाशक विभागाचे कर्मचारी आणि आशाताई घरोघरी पाणी तपासायला येतात. चांगल्या वस्तीतल्या अनेक दारांवरून ते परत पाठवले जातात. आमच्याकडे स्वच्छता आहे, आत्ता वेळ नाही, साहेब घरी नाहीत. काहींना नोटिशीची भीती वाटते. त्या माणसांना अळ्या कुठे शोधायच्या हे तुमच्या-माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळतं. त्यांना आत घ्या, पाणी विचारा, गॅलरीत न्या, आणि कुंड्या त्यांच्यासमोर स्वतः उचलून दाखवा.